छोट्या ट्रॅक्टरसाठी लाकूड चिपर निवडताना

बागेतील छाटणीच्या फांद्या, शेताच्या बांधावरील झाडांचा झाडोरा आणि शहरातील उद्यानांचा पालापाचोळा पेटवून देण्याची सवय देशभर रूढ आहे. दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबाद शहराने या सवयीची किंमत विशेषत्वाने मोजली आहे. ‘आयक्यूएअर’ या स्विस संस्थेच्या २०१९ या वर्षाच्या अहवालात गाझियाबाद हे जगातील सर्वाधिक प्रदूषित शहर ठरले होते. त्या वर्षी तेथील हवेत पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरमागे ११०.२ मायक्रोग्रॅम होते. भारतीय मानकानुसार ही मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे.

या प्रदूषणाला वाहने, उद्योग, धूळ, वीटभट्ट्या अशी अनेक कारणे आहेत. उघड्यावर पेटवला जाणारा कचरा हे त्यांपैकी एक. मात्र त्यावरील उपाय सामान्य शेतकरी, बागायतदार किंवा गृहनिर्माण संस्थेच्या आवाक्यात आहे. फांद्या जाळण्याऐवजी त्यांचे बारीक तुकडे करून ते जमिनीला परत देणे, हा तो उपाय होय. त्यासाठी ट्रॅक्टरला जोडावयाचे लाकूड चिपर आता भारतीय बाजारातही उपलब्ध आहे. तथापि, चुकीचे चिपर निवडले तर ते पहिल्याच हंगामात गोठ्यामागे गंजत पडते आणि फांद्या पुन्हा पेटू लागतात.

कायद्याची पार्श्वभूमी

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी दिलेल्या आदेशात उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या प्रकारच्या उल्लंघनासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर कचरा जाळल्यास २५,००० रुपये भरपाई आकारण्याची तरतूद त्या आदेशात होती. त्याच वर्षी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत, बागेतील कचरा जाळू नये व तो आपल्याच आवारात स्वतंत्र साठवावा, असे बंधन नागरिकांवर घालण्यात आले. पुढे २०२१ मध्ये संसदेच्या कायद्यान्वये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोग स्थापन झाला. गाझियाबाद जिल्हा या आयोगाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

जाळू नये, हे कायद्याने सांगितले. परंतु फांद्यांचे करायचे काय, हा प्रश्न उरला. गाझियाबाद जिल्ह्यातील मुरादनगर, भोजपूर या भागांत ऊस, गहू यांच्या जोडीने बांधावर पॉपलर, निलगिरी व शिसव ही झाडे आढळतात. खेड्यात जाड फांद्या चुलीसाठी जातात. उरतो तो बारीक झाडोरा. शहराच्या बाजूला वसाहतींतील उद्याने आणि रस्त्याकडेची झाडे यांचा कचरा वर्षभर निघतो. महाराष्ट्रात हाच प्रश्न द्राक्षाच्या काड्या, डाळिंब व आंब्याची छाटणी, काजूच्या फांद्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या या रूपांत समोर येतो.

चिपर म्हणजे काय?

कडबा कुट्टी यंत्र ज्याने पाहिले आहे त्याला चिपरचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. वेगाने फिरणाऱ्या जड चाकावर धारदार पाती बसवलेली असतात. समोर एक स्थिर पाते असते. फांदी या दोहोंमध्ये आली की तिच्या चकत्या होत जातात व चाकाच्या वाऱ्याने त्या नळीवाटे बाहेर फेकल्या जातात. फरक इतकाच, की कडब्यापेक्षा लाकूड कितीतरी टणक असल्याने चाक, धुरा, बेअरिंग आणि सांगाडा हे सारे अधिक भक्कम असावे लागते.

ट्रॅक्टरचलित चिपरला स्वतःचे इंजिन नसते. ट्रॅक्टरच्या मागील बाजूस असलेल्या पीटीओ या फिरत्या दांड्याकडून ते शक्ती घेते. त्यामुळे खर्च वाचतो. पण त्याच कारणाने ट्रॅक्टर व चिपर यांची जोडी जुळणे आवश्यक ठरते.

चिपर, श्रेडर व मल्चर या तीन शब्दांचा बाजारात घोळ होतो. चिपर धारदार पात्यांनी लाकूड कापतो. श्रेडर बोथट हातोड्यांनी पाला व मऊ काड्या कुटतो. मल्चर जमिनीवर पसरलेले अवशेष चालत्या ट्रॅक्टरमागे बारीक करतो. उसाचे पाचट शेतातच कुटायचे असेल तर मल्चर हवा. त्यासाठी लाकूड चिपर घेणे व्यर्थ आहे. द्राक्षाच्या बारीक काड्या ओळींत पडलेल्या असतील तर तेथेही मल्चर अधिक सोयीचा.

आधी कचरा मोजावा

निवडीची सुरुवात विक्रेत्याच्या माहितीपत्रकापासून नव्हे, तर स्वतःच्या फांद्यांच्या ढिगापासून व्हावी. चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट जाडी. ढिगातील बहुसंख्य फांद्या किती जाड आहेत, हे मोजावे. सर्वांत जाड ओंडक्यासाठी यंत्र घेण्याची चूक अनेकांकडून होते. १० सेंटिमीटरहून जाड लाकूड हे सामान्यतः जळाऊ किंवा विक्रीयोग्य असते. ते चिपरमध्ये घालण्याचे कारण नसते. छाटणीचा झाडोरा बहुधा २ ते ७ सेंटिमीटर जाडीचा असतो.

दुसरी गोष्ट लाकडाची जात. पॉपलर मऊ असते. शिसव, बाभूळ, निलगिरी ही टणक लाकडे होत. ताजे, ओले लाकूड सहज कापले जाते. तेच महिनाभर उन्हात सुकले की पात्यांची धार लवकर जाते. म्हणून छाटणी झाल्यावर शक्य तितक्या लवकर चिपिंग करावे.

तिसरी गोष्ट आकार. सरळ काठ्या यंत्रात सहज जातात. वेड्यावाकड्या, काटेरी व फाटे फुटलेल्या फांद्या तोंडाशी अडकतात. नारळाच्या झावळ्यांचे लांब धागे धुऱ्याभोवती गुंडाळले जातात. कोकणातील बागायतदाराने त्यामुळे साधा चिपर घेण्याआधी झावळ्यांवर त्याची चाचणी पाहावी.

चौथी गोष्ट प्रमाण. वर्षात किती दिवस व किती तास काम निघेल, यावर यंत्र विकत घ्यावे की भाड्याने आणावे, हे अवलंबून आहे.

ट्रॅक्टरची खरी ताकद

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती ही इंजिनाची असते. पीटीओपर्यंत पोहोचेतो त्यातील काही भाग गिअरमध्ये खर्ची पडतो. ढोबळमानाने इंजिनाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास शक्ती पीटीओवर मिळते. काही छोट्या ट्रॅक्टरांत ती याहूनही कमी असते. म्हणजे २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरकडून चिपरला साधारण २० अश्वशक्ती मिळेल, असे धरावे. नेमका आकडा हवा असल्यास ट्रॅक्टरचा अधिकृत चाचणी अहवाल पाहावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरांची चाचणी घेते आणि तिच्या अहवालात पीटीओची कमाल शक्ती नमूद असते.

१० सेंटिमीटर, म्हणजे ४ इंच तोंडाच्या चिपरला सामान्यतः १८ ते २५ पीटीओ अश्वशक्ती पुरते. १५ सेंटिमीटर, म्हणजे ६ इंच तोंडाच्या यंत्राला ३० ते ५० अश्वशक्ती लागते. दोन इंचांच्या फरकाने मागणी इतकी का वाढते, याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. कापायचे लाकूड जाडीच्या नव्हे, तर छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. ५ सेंटिमीटरच्या फांदीपेक्षा १० सेंटिमीटरच्या फांदीत चौपट लाकूड कापावे लागते. १० वरून १५ सेंटिमीटरवर गेल्यास सव्वादोन पट.

येथेच खरेदीदाराची सर्वाधिक फसगत होते. चिपरचे जड चाक फिरताना ऊर्जा साठवून ठेवते. त्या साठ्याच्या बळावर कमी शक्तीचा ट्रॅक्टरही एखादी जाड फांदी झटक्यात कापून दाखवतो. पाहणाऱ्याला यंत्र उत्तम वाटते. मात्र चाकाचा वेग २० टक्क्यांनी घटला की साठलेली ऊर्जा ३६ टक्क्यांनी घटते. तो वेग परत मिळवून देण्याइतकी शक्ती ट्रॅक्टरमध्ये नसेल, तर पाठोपाठ आलेली दुसरी फांदी अडकते. थोडक्यात, पहिली फांदी चाक कापते आणि दुसरी ट्रॅक्टर. म्हणून तोंडाच्या इंचांपेक्षा पीटीओची अश्वशक्ती हा आकडा अधिक महत्त्वाचा मानावा.

पीटीओचा वेगही तपासणे आवश्यक आहे. बहुतेक ट्रॅक्टरांत मिनिटाला ५४० फेऱ्या हा प्रमाणित वेग असतो. काही छोट्या ट्रॅक्टरांत त्याच्या जोडीला १,००० च्या आसपासचा दुसरा वेगही असतो. ५४० फेऱ्यांसाठी बनवलेले यंत्र चुकूनही वरच्या वेगावर चालवू नये; चाक किंवा पाते तुटून उडण्याचा धोका संभवतो. इंजिन कमी वेगात ठेवून ५४० फेऱ्या देणारा इंधनबचतीचा पर्याय हलक्या कामासाठी असतो; जाड फांद्यांच्या चिपिंगला तो पुरा पडत नाही.

तबकडी की ड्रम?

रचनेनुसार चिपरचे दोन मुख्य प्रकार पडतात. तबकडीच्या चिपरमध्ये उभ्या जड तबकडीवर दोन ते चार पाती असतात. त्यातून निघणारे तुकडे बऱ्यापैकी एकसारखे असतात. रचना सोपी, दुरुस्ती स्वस्त आणि शक्तीची गरज तुलनेने कमी. ड्रमच्या चिपरमध्ये आडव्या दंडगोलावर पाती बसवलेली असतात. तोंड रुंद असल्याने फाटे असलेल्या फांद्या तो अधिक सहज ओढतो. परंतु आवाज अधिक होतो, तुकडे कमी-जास्त आकाराचे निघतात व शक्तीही अधिक लागते. १८ ते ३० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी तबकडीचा प्रकार बहुधा योग्य ठरतो.

काही यंत्रांत तबकडीच्या मागे हातोडेही असतात व वरच्या बाजूस पाल्यासाठी वेगळे हॉपर असते. पाने व बारीक काड्या यांचे प्रमाण अधिक असलेल्या उद्यानांसाठी हा मिश्र प्रकार उपयोगी आहे. मात्र ओल्या पाल्याने त्याची जाळी तुंबते, हे ध्यानात घ्यावे.

पाती हा चिपरचा नेहमी झिजणारा भाग. ती दोन्ही बाजूंनी वापरता येतात काय, स्थानिक कारागिराकडे घासून मिळतात काय, नव्या जोडीची किंमत किती आणि ती कोठे मिळते, हे खरेदीपूर्वी विचारावे. फिरते व स्थिर पाते यांतील फट उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे राखावी. फट वाढली की लाकूड कापले न जाता चिरडले जाते, साल लोंबत राहते आणि डिझेल अधिक जळते. मातीने माखलेली मुळे, खिळे व तारा यांमुळे काही सेकंदांत धार नष्ट होते. द्राक्षबागेच्या छाटणीत ताराचे तुकडे राहून जातात. ते आधी वेचून काढावेत.

फांदी आत कशी जाते

स्वस्त यंत्रांत फांदी हाताने ढकलावी लागते. पात्यांची ओढ तिला पुढे नेते. ही रचना साधी असून बिघाड कमी होतात. परंतु ओढ अनियमित असते, टणक लाकूड झटके देते आणि काम करणारा लवकर थकतो.

महागड्या यंत्रांत दातेरी रोलर फांदीला ठरावीक गतीने आत ओढतात. हे रोलर हायड्रॉलिक मोटरवर चालत असतील तर गती कमी-जास्त करता येते. उत्तम यंत्रांत चाकाचा वेग घटताच रोलर आपोआप थांबतात व वेग पूर्ववत झाल्यावर पुन्हा सुरू होतात. कमी शक्तीच्या ट्रॅक्टरसाठी ही सोय विशेष मोलाची आहे, कारण ती ‘दुसऱ्या फांदी’चा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवते. मात्र हे हायड्रॉलिक तेल कोठून येणार, हे पाहावे. छोट्या ट्रॅक्टरच्या पंपाचा प्रवाह अनेकदा अपुरा पडतो. चिपरवर स्वतःचा पंप व तेलाची टाकी असल्यास उत्तम.

वजन व जोडणी

चिपर ट्रॅक्टरच्या तीन बिंदूंच्या जोडणीवर टांगले जाते. ४ इंची यंत्राचे वजन साधारण २०० ते ३५० किलो, तर रोलर असलेल्या ६ इंची यंत्राचे ४०० किलोंहून अधिक असू शकते. छोट्या ट्रॅक्टरची उचलक्षमता कागदावर पुरेशी दिसते. पण ती खालच्या दांड्यांच्या टोकापाशी मोजलेली असते. यंत्राचा भार त्याहून मागे असेल तितकी प्रत्यक्ष क्षमता घटते.

उचलण्याइतकाच प्रश्न तोल सांभाळण्याचा आहे. मागे जड यंत्र टांगले की पुढील चाके हलकी होतात व सुकाणूची पकड जाते. एकूण वजनाच्या किमान २० टक्के भार पुढील आसावर राहावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यासाठी पुढे वजने लावावी लागतात. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत किंवा बांधावरून यंत्र नेताना याची आठवण ठेवावी. जोडणीच्या पिनांचा आकार ट्रॅक्टरशी जुळतो काय, हेही खरेदीपूर्वी पाहावे.

पीटीओ शाफ्टची लांबी जुळवून घेणे हे काम घाईने करू नये. शाफ्ट लांब असल्यास यंत्र खाली-वर करताना तो दबून बेअरिंग फोडतो. आखूड असल्यास दोन नळ्या एकमेकींतून निसटतात. चालू स्थितीत नळ्या किमान एक-तृतीयांश लांबीने एकमेकींत असाव्यात. अडकल्यास तुटणारा शिअर बोल्ट किंवा घसरणारा स्लिप क्लच यांपैकी एक संरक्षण हवेच. ट्रॅक्टर थांबवल्यावरही चिपरचे जड चाक बराच वेळ फिरत राहते व ट्रॅक्टरच्या गिअरना उलटा रेटा देते. हा रेटा तोडणारी, एकाच दिशेने शक्ती देणारी क्लचची सोय शाफ्टमध्ये असावी. ज्या ट्रॅक्टरचा पीटीओ मुख्य क्लचवरच चालतो, तेथे ती अत्यावश्यक आहे.

हात वाचवणारी लांबी

मळणी यंत्रांनी पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश या राज्यांत असंख्य शेतमजुरांचे हात घेतले. त्या अपघातांच्या पार्श्वभूमीवर संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) कायदा संमत केला. मळणी यंत्राच्या भारतीय मानकात हॉपरची लांबी किमान ९०० मिलिमीटर असावी व त्यातील ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा, अशी अट आली. तिच्यामागील विचार सरळ आहे: हात कितीही लांबवला तरी तो पात्यांपर्यंत पोहोचू नये.

चिपर निवडताना हीच कसोटी लावावी. हॉपर आखूड असेल तर किंमत कितीही कमी असली तरी ते यंत्र घेऊ नये. रोलर असलेल्या यंत्रात धोका वेगळा असतो. फांदीत अडकलेली ओढणी, धोतराचा सोगा किंवा सैल बाही माणसासह आत ओढली जाऊ शकते. अशा यंत्राला रोलर तात्काळ थांबवणारा व उलटा फिरवणारा दांडा हॉपरच्या तोंडाशी, अंगाच्या धक्क्यानेही ढकलता येईल असा असावा.

काम करताना पुढील नियम पाळणे अगत्याचे आहे. घट्ट कपडे, बंद बूट, चष्मा व कानावर संरक्षक साधन वापरावे. चिपरचा आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. फांदी बुंध्याकडून आत सारावी व लगेच बाजूला व्हावे. तोंडासमोर उभे राहू नये. आखूड तुकडे हाताने नव्हे, लांब काठीने ढकलावेत. अडकलेली फांदी काढण्यापूर्वी पीटीओ बंद करावा, इंजिन थांबवून चावी खिशात ठेवावी आणि चाक पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबावे. पीटीओ शाफ्टवरील प्लास्टिकचे आवरण तुटले असेल तर ते बदलल्याशिवाय काम सुरू करू नये. मुलांना यंत्राजवळ फिरकू देऊ नये.

उत्तर भारतातील उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. ट्रॅक्टर एकाच जागी पूर्ण शक्तीने चालत असतो आणि उडणारा भुसा रेडिएटरच्या जाळीवर बसतो. ४० अंशांहून अधिक तापमानात इंजिन तापण्यास वेळ लागत नाही. दर तासाला जाळी साफ करावी व भुशाची नळी वाऱ्याच्या दिशेने वळवावी.

तुकड्यांचे काय करावे?

चिपरमधून निघालेल्या तुकड्यांचा उपयोग आधी ठरवला नाही तर फांद्यांच्या ढिगाऐवजी तुकड्यांचा ढीग तयार होतो. या बाबतीत गाझियाबादचे नाव वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाचे राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्र याच शहरात आहे. महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचे ‘वेस्ट डिकंपोजर’ हे जिवाणूंचे मिश्रण याच केंद्राने २०१५ मध्ये उपलब्ध करून दिले. २०० लिटर पाण्यात २ किलो गूळ विरघळवून त्यात एका बाटलीतील मिश्रण टाकायचे, रोज ढवळायचे व काही दिवसांनी तयार झालेले द्रावण कचऱ्यावर शिंपडायचे, अशी त्याची पद्धत आहे.

तथापि, लाकडाचे तुकडे पाल्याप्रमाणे लवकर कुजत नाहीत. उत्तम कंपोस्टसाठी कर्ब व नत्र यांचे प्रमाण साधारण ३० ला १ असावे लागते. शुद्ध लाकडात ते काहीशे ला १ असते. त्यामुळे तुकड्यांत शेण, हिरवे गवत किंवा भाजीपाल्याचा कचरा मिसळणे, ओलावा टिकवणे आणि ढीग अधूनमधून पलटणे आवश्यक आहे. तरीही जाड तुकड्यांना कुजण्यास कित्येक महिने लागतात. बारीक तुकडे करणारे यंत्र कंपोस्टसाठी म्हणूनच अधिक उपयुक्त. कच्चे तुकडे मातीत थेट मिसळू नयेत. कुजताना जिवाणू मातीतील नत्र वापरतात व पीक पिवळे पडते.

आच्छादन म्हणून मात्र कच्चे तुकडे उत्तम काम देतात. झाडाच्या आळ्यात ५ ते १० सेंटिमीटर जाडीचा थर दिल्यास ओलावा टिकतो व तण दबते. खोडाभोवती थोडी जागा मोकळी ठेवावी आणि वाळवीवर लक्ष असू द्यावे.

इंधन हा तिसरा मार्ग आहे. गाझियाबादलगतच्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातील दादरी येथील एनटीपीसीच्या औष्णिक वीज केंद्रात २०१७ मध्ये कोळशासोबत जैवभाराच्या कांड्या जाळण्याचा प्रयोग झाला. पुढे केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी असे धोरणच स्वीकारले. मुंबईतील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनेही पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड व इंधन तयार करण्यावर काम केले आहे. मात्र चिपरचे ओले तुकडे थेट विकले जातील, असे गृहीत धरू नये. त्यांना सुकवणारा व दळणारा कारखाना वाहतूक परवडेल इतक्या अंतरावर आहे काय, याची आधी खात्री करावी.

रोगट फांद्यांची गोष्ट निराळी. डाळिंबावरील तेल्या रोगाने ग्रासलेले भाग बागेबाहेर नेऊन नष्ट करण्याची शिफारस केली जाते. असे भाग चिपरमध्ये घालून त्याच बागेत पसरल्यास रोग परत येतो. एका बागेतून दुसऱ्या बागेत यंत्र नेतानाही पाती व हॉपर स्वच्छ करावेत.

विकत की भाड्याने?

समजा, चिपरची किंमत २ लाख रुपये असून ते ८ वर्षे टिकते. म्हणजे व्याज व दुरुस्ती सोडून वर्षाला २५ हजार रुपये खर्च. वर्षात ४० तास काम निघाल्यास तासाला ६२५ रुपये पडतात. १०० तास निघाल्यास २५० रुपये. त्यात डिझेल मिळवावे. पीटीओवर २० अश्वशक्ती पूर्ण भाराने घेतल्यास तासाला सुमारे साडेचार लिटर डिझेल लागते. प्रत्यक्षात भार सतत पूर्ण नसल्याने खप यापेक्षा कमी होतो. मजुरी व पात्यांची धार यांचा खर्च वेगळा.

या हिशेबावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन-चार एकरांच्या बागेला स्वतःचे चिपर क्वचितच परवडते. आठ-दहा बागायतदारांनी, शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा अवजार बँकेने मिळून एक यंत्र घेतल्यास ते वर्षभर चालते. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानात वैयक्तिक खरेदीबरोबरच अशा भाडेतत्त्वावरील केंद्रांनाही साहाय्याची तरतूद होती. महाराष्ट्रात यासाठीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर घेतले जातात. एखादे विशिष्ट यंत्र त्या वर्षीच्या यादीत आहे काय, हे तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विचारूनच पैसे भरावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये शेती यंत्रांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के झाला. परंतु लाकूडकामाची यंत्रे वेगळ्या वर्गात मोडू शकतात. बिलावर कोणता एचएसएन संकेतांक लागणार, हे आधी समजून घ्यावे.

शहरातील वसाहतींना भाड्याने सेवा देण्याचा विचार असल्यास, शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरचा व्यावसायिक वापर चालतो काय, याची परिवहन कार्यालयाकडे चौकशी करावी. झाड तोडण्याची परवानगी ही तर सर्वस्वी स्वतंत्र बाब आहे. उत्तर प्रदेशात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे; महाराष्ट्रात शहरांसाठी १९७५ चा व अन्यत्र १९६४ चा कायदा आहे.

पैसे देण्यापूर्वी

प्रात्यक्षिक स्वतःच्या ट्रॅक्टरवर व स्वतःच्या फांद्यांवर घ्यावे. विक्रेत्याने आणलेल्या मऊ, सरळ काठीवर समाधान मानू नये. नेहमीच्या जाडीच्या फांद्या सलग दहा मिनिटे घालाव्यात व इंजिनाचा आवाज ऐकावा. प्रत्येक फांदीनंतर तो दबून पुन्हा लगेच उठत असेल तर जोडी जुळली. तो खाली जाऊन तेथेच राहत असेल तर यंत्र ट्रॅक्टरला जड आहे. त्यानंतर पाती बदलण्यास किती वेळ लागतो, हे समोर करून दाखवण्यास सांगावे. शेवटी हॉपरमध्ये, यंत्र बंद असताना, हात लांबवून पाहावा. तो पात्यांना लागत असेल तर तेथूनच परत फिरावे.

लहान ट्रॅक्टरला लहान चिपर पुरते, हा या साऱ्याचा मथितार्थ. मोठ्या तोंडाचे यंत्र घेऊन ते अडकत राहिले की मजूर कंटाळतो आणि संध्याकाळी काडी ओढून मोकळा होतो. गाझियाबादसारख्या शहरांच्या हवेला त्याचा धूर परवडणारा नाही. शेतकऱ्याच्या जमिनीलाही तो परवडत नाही, कारण त्या धुरासोबत तिच्या वाट्याचा सेंद्रिय कर्बही निघून जातो.